सेकंडहँड, 'मॉड' केलेली कार्ट्रिज: एक बाजू मंद, 'स' फाटतो, घूं घूं येतं. तपासायचं कुठून?

ठाणे-नवी मुंबईत रेकॉर्ड ऐकणारी मंडळी वाढली, तशी माझ्यापर्यंत पोचणारी एक ठरावीक तक्रारही वाढली. टर्नटेबल चांगलं, अ‍ॅम्प चांगला, कार्ट्रिज (सुई धरणारी, तिच्या हालचालीचा सिग्नल बनवणारी छोटी डबी) मात्र सेकंडहँड. विकणाऱ्याने तिची सुई नाहीतर बॉडी बदलून 'अपग्रेड' केलेली. सुरुवातीला बरी वाजली, आता डावी बाजू मंद येते. किंवा दोन्ही बाजू ठीक, पण रेकॉर्डची बाजू संपत आली की गाणाऱ्याचा 'स' फाटतो. किंवा सुई टेकवायच्या आधीच स्पीकरमधून घूं सुरू. मग माणूस केबल बदलतो, फोनो स्टेज (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारी पेटी) बदलतो, आणि शेवटी अ‍ॅम्प उचलून दुरुस्तीला टाकतो. अ‍ॅम्पला बहुतेक वेळा काहीही झालेलं नसतं.

मॉड केलेली कार्ट्रिज वाईटच वाजते असं मी म्हणत नाही. कधीकधी मूळ कार्ट्रिजपेक्षा छान वाजते. अडचण अशी, की तिच्यासोबत आलेला माहितीचा कागद आता तिचा राहिलेला नसतो. सुईवर किती ग्रॅम वजन द्यायचं, आउटपुट किती, लोड (पुढच्या यंत्राचा विद्युत भार) किती, हे सगळे आकडे कंपनीने मूळ सुईवर, सुईची दांडी आत पेलणाऱ्या मूळ रबरावर आणि मूळ बॉडीवर काढलेले असतात. यातलं एक बदललं की ते आकडे पाळणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून पेपर वाचणं. आकड्यांचा आधार गेला, की दोष शोधायला आपले डोळे, कान आणि तपासण्याचा क्रम एवढंच हाती राहतं. क्रम चुकला तर चांगल्या वस्तू उगाच खोलल्या जातात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तपासणीला आवडती रेकॉर्ड वापरू नका. मोडकी सुई खोबणीची भिंत खरवडते आणि ते नुकसान भरून येत नाही. दहा-वीस रुपयांना मिळालेली ओरखड्यांची एलपी यासाठी बाजूला ठेवा.

दोष कार्ट्रिजचा की बाकीच्यांचा?

एक बाजू मंद किंवा बंद असेल तर आवाज पूर्ण खाली करा आणि टर्नटेबलच्या आरसीए पिना फोनो स्टेजला उलट लावा, लाल पांढऱ्याच्या जागी आणि पांढरी लालच्या. मंद बाजू डावीकडून उजवीकडे सरकली, तर फोनो स्टेज, अ‍ॅम्प आणि स्पीकर निर्दोष सुटले. जिथल्या तिथे राहिली, तर कार्ट्रिजला हात लावू नका, पुढच्या यंत्रांकडे बघा.

सरकली असेल तर आता हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज जिथे लावतात तो तुकडा. कार्ट्रिजच्या मागे चार बारीक वायरी असतात. लाल उजव्याचा प्लस, हिरवी उजव्याचा मायनस, पांढरी डाव्याचा प्लस, निळी डाव्याचा मायनस. आरसीए पिना पुन्हा सरळ करा आणि या वायरींची अदलाबदल करा: लाल-पांढरी आपसात, हिरवी-निळी आपसात. दोष आता दुसऱ्या स्पीकरला गेला तर कार्ट्रिजच गुन्हेगार. नाही गेला तर आर्मची वायर किंवा हेडशेलचा जोड.

आपल्याकडे हा जोड फार वेळा सापडतो. खाडीकाठची दमट हवा, त्यात चार महिने पाऊस. घोडबंदरला काय नि ऐरोलीला काय, हेडशेल आर्ममध्ये जिथे अडकतं तिथल्या चार ठिपक्यांवर काळपट थर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर फिरवा, वाळू द्या, हेडशेल दोन-तीनदा काढून घाला. वायरीची क्लिप काढताना चिमट्याने क्लिपच धरा, वायर ओढू नका. क्लिप ढिली असेल तर ती पिनेवरून काढूनच हलकी दाबा.

हे करताना पिनांकडे नीट बघा. पिनेवर डागाचा, म्हणजे सोल्डरचा, गोळा दिसला तर सावध व्हा. कार्ट्रिजच्या पिनेला थेट डाग द्यायचा नसतो. पिनेच्या आतल्या टोकाला केसाहून बारीक तार जोडलेली असते आणि पिन प्लास्टिकमध्ये रुतलेली असते. सोल्डरिंग आयर्न क्षणभर जास्त टेकलं तर प्लास्टिक मऊ पडतं, पिन हलते आणि तार सुटते. कधी ती पूर्ण सुटत नाही, लोंबकळत राहते. 'पहिले काही दिवस बरी वाजली' या वाक्यामागे बरेचदा अशी अर्धवट सुटलेली तार असते.

एमएम (मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलणारी) जातीची कार्ट्रिज असेल तर मल्टिमीटरने कॉइल मोजता येते. सुई काढून ठेवा आणि मीटर ओहमवर लावा. ऑर्टोफोन टूएम रेड प्रत्येक बाजूला १.३ किलोओहमच्या आसपास दाखवते, ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई ४८५ ओहमच्या आसपास. तुमची कार्ट्रिज वेगळी असेल तर आकडा वेगळा येईल, पण दोन्ही बाजू जवळपास सारख्या यायला हव्यात. एकीकडे काहीच वाचन नाही म्हणजे कॉइल तुटली. शून्याच्या जवळ आलं म्हणजे कुठेतरी शॉर्ट. एमसी (मूव्हिंग कॉइल, म्हणजे कॉइलच हलणारी) कार्ट्रिजला मात्र मीटर लावू नये. तिची कॉइल अगदी नाजूक असते आणि मीटर मोजताना तिच्यातून करंट सोडतो. तिथे वायरींच्या अदलाबदलीवरच निकाल लावायचा.

मीटर सारखं दाखवतो, दोन्ही बाजू वाजतात, तरी आवाज पोकळ आणि तबल्याचा बायाँ गायब? हा फेज उलटल्याचा प्रकार. बॉडी बदलताना एका बाजूचे प्लस-मायनस उलटे जोडले गेलेले असतात. अ‍ॅम्पला मोनो बटण असेल तर ते दाबा. गाणाऱ्याचा आवाज मध्यभागी घट्ट येण्याऐवजी आणखी पातळ झाला, तर कोणत्याही एकाच बाजूच्या दोन वायरी आपसात बदला. खर्च शून्य.

याचाच भाऊ म्हणजे मोनो जोडणी. जुन्या मोनो रेकॉर्ड्स ऐकणारे काही जण कार्ट्रिजच्या पिनांमध्ये छोटी तार टाकून दोन्ही बाजू एकत्र करतात. त्यांच्या कामापुरतं ते ठीक. पण अशी कार्ट्रिज विकताना तार तशीच राहते, घेणाऱ्याला पत्ता नसतो, आणि तो स्टिरिओ का येत नाही म्हणून स्पीकरच्या जागा बदलत बसतो. पिनांच्या मुळाशी, क्लिपच्या आड, बॅटरीच्या उजेडात बघा.

भिंगातून काय दिसतं

वर्तकनगरच्या एका काकांकडे डेनॉनची डीएल-१०३ होती, लाकडी बॉडीत घातलेली. मॉड करणाऱ्यांची ही लाडकी कार्ट्रिज. डेनॉनने १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेबरोबर ती बनवली, प्रसारणाच्या कामासाठी. साध्या गोल टोकाची सुई, तिच्यावर २.५ ग्रॅम वजन, आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, बॉडी प्लास्टिकची. आतली यंत्रणा उत्तम, बाहेरचं कवच साधं, त्यामुळे जगभर लोक तिचं कवच काढतात आणि लाकूड, अ‍ॅल्युमिनियम, काय काय घालतात. सुईसुद्धा बदलून घेतात.

काकांची तक्रार दुहेरी होती. डावी बाजू थोडी मंद, आणि नाट्यसंगीताच्या एलपीवर शेवटच्या पदाला ऑर्गन चिरकतो. वायरींची अदलाबदल केली, दोष कार्ट्रिजबरोबर फिरला. "बघ, शोकेसमध्ये ठेवावी अशी आहे," काका कौतुकाने म्हणाले. बाहेरून खरंच देखणी होती. हेडशेल उलटं करून घड्याळजीचं भिंग लावलं.

मूळ अ‍ॅल्युमिनियमचा कँटिलिव्हर, म्हणजे टोकाला हिरा असलेली बारीक दांडी, मध्येच कापलेला होता. उरलेल्या खुंटात माणकाची लालसर काडी खोचलेली. सांध्यावर तपकिरी गोंदाचा थेंब, एका अंगाला जास्त ओघळलेला, इतका की काडी त्या अंगाला झुकली होती. पुढे टोकाला हिरा, त्याच्याभोवतीही गोंद. आणि आत, कॉइलच्या तोंडाशी, धुरकट पांढरा थर. असा थर इन्स्टंट गोंदाच्या वाफेने बसतो; उघड्यावर वापरलेल्या चिकट गोंदाची वाफ जवळच्या पृष्ठभागावर पांढरी होऊन बसते. समोरून पाहिलं तर लाकडी बॉडी काटकोनात, कँटिलिव्हर मात्र उजवीकडे बघत होता.

रीटिप, म्हणजे सुईचं टोक नवं बसवणं, दोन तऱ्हांनी होते. एक, कँटिलिव्हर तोच ठेवून टोकाला नवा हिरा. दोन, कँटिलिव्हरच बदलणं, ज्यात वरच्यासारखा सांधा येतो. दोन्ही कामं सुबक करणारे हात आहेत. पण गोंद जितका टोकाजवळ आणि जितका जास्त, तितकं हलणारं वस्तुमान वाढतं आणि सुई बारीक वळणांवर मागे पडते. हिरा कललेला असेल तर तो खोबणीच्या दोन भिंतींना सारखा टेकत नाही. 'स', ऑर्गन, हार्मोनियम, झांजा हे सगळं आधी तिथे फाटतं. बाजूच्या शेवटी जास्त, कारण आतल्या खोबणीत त्याच ३३⅓ फेऱ्यांत कमी लांबी मिळते आणि लाटा दाटून बसतात.

यावर घरी करण्यासारखं एक काम आहे, आणि मॉड केलेल्या कार्ट्रिजबाबत तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं: अलाइनमेंट (सुई खोबणीला योग्य कोनात लावणं) करताना बॉडीच्या कडा विसरा. प्रोट्रॅक्टरच्या (कोन जुळवायच्या तक्त्याच्या) रेघांशी बॉडी समांतर लावायची सवय सगळ्यांना असते. नव्या कार्ट्रिजला ती चालते, कारण कारखान्यात बॉडी आणि कँटिलिव्हर एकमेकांशी जुळवलेले असतात. इथे कुणीतरी टेबलावर बसून हाताने बॉडी बसवली आहे. म्हणून रेघ कँटिलिव्हरशी जुळवा. काकांना सांगितलं, "बॉडी हेडशेलमध्ये तिरकी दिसेल. दिसू द्या." टेक्निक्स एसएल-१२०० वर असाल तर सुईचं टोक हेडशेलच्या रबरी वायसरपासून ५२ मिलिमीटरवर आणा आणि मग कार्ट्रिज फिरवून कँटिलिव्हर सरळ करा.

हिरा कललाय का हे बघायला रेकॉर्डऐवजी प्लॅटरवर पातळ हातआरसा ठेवा आणि त्यावर सुई अलगद टेकवा. सुई आणि तिचं प्रतिबिंब समोरून एका सरळ रेषेत दिसायला हवं. मोडून डाव्या-उजव्या बाणासारखं दिसलं तर कार्ट्रिज थोडी कलवावी लागेल. हेडशेल फिरवता येत नसेल तर एका स्क्रूखाली कागदाची घडी घालून भागतं. हे सगळं झाल्यावर काकांचा ऑर्गन बराच निवळला. डावी बाजू पूर्ण सुधारली नाही, सुधारणारही नव्हती. कँटिलिव्हर ज्या कोनात चिकटवलाय त्यामुळे आतली कॉइलच चुंबकाच्या मधोमध राहिलेली नाही. अ‍ॅम्पचा बॅलन्स किंचित फिरवून ऐका, नाहीतर पुन्हा रीटिपला पाठवा, एवढेच दोन रस्ते.

वजन, रबर आणि पोट

सुई रेकॉर्डवर देते ते वजन मोजायला बरेच जण सोन्याच्या तोळ्या-माशाचा छोटा डिजिटल काटा घेतात. त्याची ताटली पोलादी असेल तर कार्ट्रिजचं चुंबक तिला खेचतं आणि आकडा चुकतो. डीएल-१०३ सारख्या दणकट चुंबकाच्या एमसीला तर चांगलाच चुकतो. ताटली चुंबकाला चिकटत नाही ना, ते आधी बघा.

मग बाजूने, डोळे रेकॉर्डच्या पातळीला आणून, सुई टेकलेली असताना बघा. बॉडीच्या पोटात आणि रेकॉर्डमध्ये स्वच्छ फट हवी. योग्य वजनावर पोट जवळजवळ रेकॉर्डला लागत असेल, किंवा कार्ट्रिज थोड्या उंचवट्याच्या रेकॉर्डवर पोटाने घासत असेल, तर आतलं रबर बसलंय. वर्षं गेली की हे रबर कुठे मऊ चिकट होतं, कुठे कडक होतं. कडक झालं तर उलटं चित्र दिसतं: कँटिलिव्हर काठीसारखा ताठ, सुई खोल बासवर उडते. नवीन हिरा लावून दिला म्हणून रबर नवीन होत नाही. रीटिप केलेल्या जुन्या कार्ट्रिजच्या जाहिरातीत हिऱ्याची जात मोठ्या अक्षरात असते, शिबाटा, लाइन कॉन्टॅक्ट, अमुक मायक्रॉन. रबराचा उल्लेख नसतो. विचारायचं तेच आहे.

वजन कमी ठेवलं तर रेकॉर्ड वाचते, हा समज सोडून द्या. सुई खोबणीत नीट टेकत नाही, भिंतींवर आपटते, आणि नुकसान जास्त होतं. कंपनीचा पल्ला असेल त्याच्या मध्यापासून वर सुरू करा. डीएल-१०३ ला २.५ च्या आगेमागे ०.३ चालतं. पण कँटिलिव्हर बदललेला असेल तर रीटिप करणाऱ्याने काय वजन सांगितलं होतं ते विचारा, त्याला ते माहीत असायला हवं.

आता बॉडीचं वजन. इथे थोडं गणित येतं, पण सोपं आहे. टोनआर्म आणि कार्ट्रिजच्या स्प्रिंगसारख्या रबराची मिळून एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. ती ८ ते १२ हर्ट्‌झमध्ये हवी. खाली गेली तर वाकड्या रेकॉर्डवर आर्म डोलायला लागतो, वर गेली तर बासमध्ये लुडबुड करते. सूत्र: १५९ भागिले वर्गमूळ, आणि वर्गमुळाच्या आत एकूण वजन गुणिले कॉम्प्लायन्स, म्हणजे रबराच्या लवचिकपणाचा आकडा. एसएल-१२०० चा आर्म १२ ग्रॅम धरा, टूएम रेड ७.२ ग्रॅम, स्क्रू ग्रॅमभर, एकूण २०.२. कॉम्प्लायन्स २०. उत्तर ७.९ येतं, म्हणजे काठावर पास. त्याच कार्ट्रिजला कुणी धातूचं जड कवच चढवून १२ ग्रॅमची केली, की एकूण २५ होतात आणि उत्तर ७.१ वर उतरतं. कार्ट्रिज 'भारी' दिसते, आणि पावसाळ्यात किंचित वाकलेली प्रत्येक रेकॉर्ड वूफरचा पडदा आतबाहेर हलवते. डीएल-१०३ च्या बाबतीत उलटं आहे. तिचं रबर कडक असतं, तिला जड आर्म आवडतो, म्हणून जड बॉडी तिला बरेचदा मानवते. एकाच मॉडचा एका कार्ट्रिजला फायदा आणि दुसरीला तोटा होतो तो असा. 'लाकडी बॉडीने आवाज उबदार होतो' अशी सरसकट वाक्यं मी ऐकून सोडून देतो.

घूं घूं

सुई वर असतानाही घूं येत असेल तर आर्मच्या धातूला बोट लावा. आवाज कमी झाला तर अर्थिंगचा प्रश्न. टर्नटेबलची वेगळी अर्थची वायर फोनो स्टेजच्या स्क्रूला घट्ट आहे का ते बघा. दोन पिनांच्या एक्स्टेन्शनवर सगळं चालवत असाल तर तेही बदला.

मॉड केलेल्या एमएममध्ये याशिवाय एक खास कारण असतं. बऱ्याच एमएम कार्ट्रिजना बाहेरून धातूचं कवच असतं, आणि हिरव्या वायरीच्या पिनेपासून त्या कवचापर्यंत छोटी धातूची पट्टी. ते कवच हवेतली घरघर अडवतं. 'न्यूड' करण्याच्या नादात कवच गेलं की कॉइल उघडी पडते, आणि ट्रान्सफॉर्मर, पंख्याचा रेग्युलेटर, राउटर सगळे गाण्यात सामील होतात. उलट, कवच आहे, पट्टी आहे, आणि नवी धातूची बॉडी धातूच्या हेडशेलला टेकली, तर अर्थचे दोन रस्ते होऊन पुन्हा घूं. मीटर कंटिन्युइटीवर लावून हिरवी पिन आणि हेडशेल जोडलेले आहेत का बघा. जोडलेले निघाले तर मध्ये प्लास्टिकची पातळ चकती आणि नायलॉनचे स्क्रू. दोन्ही लॅमिंग्टन रोडला मिळतात.

घूंऐवजी नुसता फुसफुसाट आणि आवाज एकदम बारीक? मग कार्ट्रिज बिघडलेली नाही, तुम्ही एमसी कार्ट्रिज एमएमच्या इनपुटला लावली आहे. ०.३ मिलिव्होल्ट आणि ५ मिलिव्होल्ट यांत सुमारे २४ डेसिबलचा फरक आहे. एमएम फोनो स्टेज साधारण ४० डेसिबल वाढवते, एमसीला ६०च्या घरात लागतं. विकणारा हे सांगत नाही कारण त्याच्याकडे एमसीची सोय असते. स्वस्तात एमसी मिळाली म्हणून घेताना फोनो स्टेजची किंमत त्यात धरा.

७८ साठी म्हणून विकलेली

बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या घरात सापडल्या, म्हणून 'सेव्हंटीएट कार्ट्रिज' शोधणारे बरेच भेटतात. एलपीच्या गोल सुईचं टोक ०.६ ते ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ च्या सुईचं साधारण ३ मिल. एलपीची सुई ७८ च्या रुंद खोबणीत तळाशी जाऊन बसते आणि तिथला कचरा वाजवते. आवाज खरखरीत आणि लांबून आल्यासारखा येतो. विकणाऱ्याने जुन्या बॉडीत नुसती स्वस्त एलपीची सुई खोचून वर ७८ लिहिलेलं असू शकतं. भिंगातून दोन्ही सुया शेजारी ठेवून पाहिल्या तर जाडीतला फरक सहज दिसतो. आणि ७८ ची सुई चुकूनही एलपीवर ठेवू नका.

घ्यायचीच असेल तर

माझं मत सरळ आहे. सुई बोटाने ओढून निघते अशी एमएम, जिची बॉडी धडधाकट आहे, ती सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. सुई बिघडली तर नवी घालता येते. टूएम रेडच्या बॉडीत टूएम ब्लूची सुईही बसते. पण त्याच एमएमची सुई कुणी 'खडखड थांबवायला' बॉडीला कायमची चिकटवली असेल तर तिचं आयुष्य त्या सुईइतकंच उरलं. ऑडिओ-टेक्निका इलिप्टिकल सुईचं आयुष्य ३०० तास सांगते आणि मायक्रोलिनियरचं १०००. दुसऱ्याने किती तास वाजवली हे कुणी वहीत लिहून ठेवत नाही. म्हणून चिकटवलेली, एपॉक्सीने भरलेली, न्यूड केलेली एमएम मी घेत नाही आणि कुणाला घ्यायला सांगत नाही.

रीटिप केलेली एमसी घ्यायची तर काम कुणी केलं, कधी केलं आणि नवा कँटिलिव्हर कसला, हे कळल्याशिवाय नाही. भिंगातून काढलेले समोरचे, बाजूचे आणि पोटाकडचे असे तिन्ही फोटो मागा. बॉडीच्या लाकडाचे दहा फोटो पाठवून सुईचा एकही न पाठवणारा माणूस नकार द्यायला मला पुरेसा असतो.

शुअरच्या बाबतीत वेगळी काळजी. २०१८ साली शुअरने कार्ट्रिज बनवणं थांबवलं. जुन्या शुअरच्या बॉडी उत्तम आहेत आणि जपानच्या जिको कंपनीच्या सुया त्यांना छान लागतात. ती फसवणूक नव्हे. पण 'ओरिजिनल, सीलबंद' म्हणून सुई मिळत असेल तर किंमत ओरिजिनलची देण्याआधी शंका घ्या, एम४४-७ च्या तर नकली सुयाही फिरतात. आणि शुअरच्या व्ही१५ टाइप फाइव्हचा कँटिलिव्हर तुटलेला मिळाला तर त्याला कानस लावू नका, तो बेरिलियमचा असतो आणि बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते.

पैसे आधी पाठवू नका. "दादा, अजून दोघं विचारतायत, टोकन टाका म्हणजे ठेवतो," हे वाक्य येणारच. त्यावर "उद्या संध्याकाळी ऐकायला येतो, पटली तर तिथेच यूपीआय करतो" एवढं म्हणा. ठाण्याहून कोपरखैरणे किंवा नेरूळला जायला ट्रान्स-हार्बरची लोकल आहे, तेवढी तसदी कार्ट्रिजच्या किमतीपुढे काही नाही. बरोबर भिंग, छोटी बॅटरी आणि स्वतःची एक नीट ओळखीची एलपी न्या. तुमची आवडती नको, पण प्रत्येक जागा माहीत असलेली. ख्यालाची असेल तर उत्तम. तानपुऱ्यात डावं-उजवं असमान आहे का ते कळतं, बायाँत फेज कळतो, आणि हार्मोनियमवाली बाजू असेल तर शेवटची दोन मिनिटं ऐका, सुरुवातीची नाही. विकणारे हमखास पहिला ट्रॅक लावून दाखवतात.

त्याच्या टर्नटेबलवर ऐकून समाधान झालं तरी निघण्याआधी भिंगाने बघा आणि हेडशेलमधून काढताना स्वतः लक्ष द्या. स्क्रू सोडवताना सुईचं टोपण लावलेलं हवं. लाकडी बॉडीत आटे थेट लाकडात पाडलेले असतील तर ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला झिजतात, तेव्हा स्क्रू हाताने गच्च बसतो का तेही तिथेच पाहून घ्या. ऐकू द्यायला तयार नसलेल्या माणसाशी भाव करायचाच असेल, तर नुसत्या बॉडीचा करा, सुई आणि कॉइल गेलेली आहे असं धरून. तो चिडला तर चिडू द्या.